तिसरा पर्याय

परीक्षा उद्यावर आली होती आणि तिचं कशात म्हणून लक्ष लागत नव्हतं. बाबांच्या शिवणकामाच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलाशी बसून ती सराव पेपर सोडवत होती. मध्येच उठायची, पाणी प्यायची, पंखा वाढवायची, परत बसून पाय हलवायची.

"वकीलसाहेब, टेबल थरथरतंय," बाबा मशीनवरून म्हणाले. लहानपणापासून हुज्जत घालायची, म्हणून हे नाव.

मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षेत तिचं घोडं अडायचं ते तर्काच्या प्रश्नांवर. मागच्या वर्षी त्यांनीच तिला लोळवलं होतं. यंदाही तेच झालं तर शिक्षणाचा नाद सोडून कायमचं दुकान सांभाळायचं, असं तिने स्वतःच कबूल केलं होतं. क्लासचे सर कपाळाला हात लावायचे. "परिच्छेदात आहे तेवढंच धरा. घरचं शहाणपण चपलांबरोबर बाहेर काढून या!" पण ते तिच्यासोबत आत यायचंच.

आताही उत्तर चुकलं होतं. तिने पेन आपटलं.

"काय झालं?"

"ऐका आणि तुम्हीच सांगा. एका जुन्या बेकरीची गिऱ्हाइकं घटली. त्याच वर्षी समोर नवी बेकरी उघडली. म्हणजे नवीनेच गिऱ्हाइकं पळवली, असा निष्कर्ष काढलाय. तो कशाने कमकुवत होईल? एक, नवी बेकरी मोठी आहे. दोन, नवीकडचा माल स्वस्त आहे. तीन, नवी उघडायच्या आधीपासूनच जुनीचा पाव कच्चा राहत होता. चार, दोन्हीकडे पाव मिळतो."

तिने दोनवर खूण केली होती. घरात दुसरं काही बोललंच जात नव्हतं. समोर तयार कपड्यांचं दुकान झालं, स्वस्तात विकतात, आपलं गिऱ्हाईक तुटलं. आईसुद्धा सकाळ-संध्याकाळ त्या दुकानाच्या नावाने बोटं मोडायची.

मशीन थांबलं.

"तिसरा," बाबा म्हणाले.

"कशावरून?" ती हुज्जतीच्या सुरात म्हणाली.

"पाव कच्चा राहायला लागला की माणूस दुसरीकडे जातंच. समोर कोणी दुकान उघडो न उघडो."

ते तिच्याकडे बघत नव्हते. त्यांचा हात मशीनवरच्या पांढऱ्या सदऱ्यावर होता. कॉलरवरची टीप मध्येच भरकटून पुन्हा जागेवर आली होती. असे कपडे हल्ली परत यायचे. घाईत झालं असेल म्हणून ती ते गुपचूप उसवून नीट करून द्यायची. पहिला सदरा परत आला तेव्हा समोरच्या दुकानाला कुलूप होतं, रंगसुद्धा लागला नव्हता.

बाबांना दिसत नव्हतं. आणि आपण उद्या परीक्षा देऊन दुसऱ्या शहरात निघून जायच्या गोष्टी करतोय, याची तिला लाज वाटली.

"चुकलं, बाबा," ती घाईघाईने म्हणाली. "उत्तर दुसरंच आहे. स्वस्त मालामुळेच गेली गिऱ्हाइकं."

बाबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"असं उत्तर उद्या लिहून आलीस, तर प्रवेश मिळायचा नाही तुला," ते म्हणाले. मग त्यांनी सुई आणि दोरा तिच्यापुढे धरला. "एवढं ओवून दे. आणि तिसरंच लिही."