चौकटीतले पाइप

मेव्हण्याने सासऱ्यांची जुनी दोन दारांची गाडी गॅरेजात आणून टाकली, तेव्हापासून मिस्त्रीच्या डोक्याला ताप होता. दोन वर्षं खपून त्याने ती पार सांगाड्यापासून उभी करत आणली होती. बॉडी उचलताना वाकू नये म्हणून दोन्ही दारांच्या चौकटींत त्याने आडवे पाइप वेल्ड केले होते. बॉडी खालच्या सांगाड्याला बोल्टने आवळेपर्यंत ते काढायचे नाहीत, असं त्याने मेव्हण्याला दहादा बजावलं होतं.

दोन दिवस मिस्त्री तापाने अंथरुणात पडला. आज येऊन बघतो तर पाइप गायब आणि बॉडी सांगाड्यावर! त्याने दारं लावून पाहिली. चौकटी वाकल्या होत्या; डावं रेटून बसवलं, ते पुन्हा उघडेना.

"पाइप कुणी कापले?"

"मीच, दाजी. फोटोत फार भिकार दिसत होते. मग क्रेनवाल्याकडून बॉडी चढवून घेतली. तुमचं काय, वर्षानुवर्षं नुसतं घासत बसता!"

मिस्त्रीचं टाळकं सरकलं, पण आवाज गोड निघाला. त्याने गाडीच्या आत तेलाचा डबा उलटा मांडला. "बस. मालकाचा फोटो काढू."

मेव्हणा ऐटीत बसला. मिस्त्रीने उजव्या दाराला खांद्याने असा दणका दिला की ते चौकटीत रुतलंच. मेव्हण्याने लाथा घातल्या. खिडक्यांना काचा नव्हत्या, पण बाहेर निघायला पोट आड येत होतं.

"दाजी, दार उघडेना!"

मिस्त्रीने फोटो काढला आणि फोन त्याच्या नाकासमोर धरला.

"बघ, एक तरी पाइप दिसतोय का?"