गिरणीची हाक

ही गोष्ट सन २०२३ च्या दसऱ्याची. त्या साली पाऊस हात राखून पडला होता, विजेचा काही भरवसा उरला नव्हता, आणि धावडा गावच्या जयवंताबाईंची पिठाची गिरणी राहते की जाते, हे दिवाळीवर येऊन ठेपलं होतं.

गिरणी जुनी. जयवंताबाई लग्न होऊन आल्या तेव्हा तिथं डिझेलचं इंजिन होतं. त्यांचे मालक रायभान चाक फिरवायचे आणि एकदा का इंजिन पुक् पुक् करायला लागलं की लांबच्या वस्त्यांनाही कळायचं, गिरणी चालू झाली. बायका हातातलं काम टाकून डोक्यावर डबे घेऊन निघायच्या. पुढे विजेची मोटार आली. तिचा आवाज गल्लीबाहेर जात नसे. रायभान होते तोवर लाईट आली की सायकलवर गावातून फेरी मारून सांगून येत. ते गेले, जयवंताबाईंचे गुडघे आखडले, आणि गावाला गिरणीची खबर लागेनाशी झाली. त्यातच स्टँडजवळ राधेश्यामनं जनरेटर बसवून नवी गिरणी टाकली.

मुलगा गोरक्षनाथ म्हणाला होता, "आई, दिवाळीपर्यंत बघू. बायका तिकडंच गेल्या तर राधेश्यामला मोटार देऊन टाकू. तो कवाचा मागून राह्यला."

"बघ की," जयवंताबाई म्हणाल्या. "दिवाळी झाली की तूच म्हणशील, आई, नवा पट्टा आणू का."

त्यांच्या या खात्रीला कारण होती त्यांची सून. रेणूचं भोकरदनला मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. लॉकडाऊनमध्ये नात आकांक्षाच्या अभ्यासासाठी घेतलेला टॅबलेट घरात धूळ खात पडला होता. बॅटरी इतकी म्हातारी की वायर काढली की पाच मिनिटांत मान टाकायची. रेणूनं तो रूट केला, गिरणीच्या भिंतीवर ठोकला आणि छपरावरच्या भोंग्याला जोडला. लाईट आली की टॅबलेट कुणी हात न लावता आपोआप चालू व्हायचा आणि भोंग्यातून जयवंताबाईंचाच आवाज गावभर जायचा, "गिरणी चालू झाली वं बायांनो, डबे घेऊन या!"

"रूट म्हंजे काय गं?" त्यांनी विचारलं होतं.

"आत्याबाई, टॅबलेट आपण इकत घेतला तरी कंपनी आपल्याला भाडेकरूसारखं ठेवती. भिंतीला खिळा ठोकू देत न्हाई. रूट म्हंजे मालकाची किल्ली. ती हातात आली म्हणून तर लाईट आल्याबरोबर चालू हो असं त्याला सांगता आलं. पण एक ध्यानात ठेवा. अपडेट घेऊ का म्हणून ते मधूनमधून विचारतं. मी कितीदा बंद केलं तरी डोकं वर काढतं. त्याला हात लावू नका. किल्ली जाते."

जयवंताबाईंनी हात लावला नाही. निम्म्या बायका परत आल्या. बाकीच्या दिवाळीच्या भाजणीला येतील, यात त्यांना तिळभर शंका नव्हती.

मग दसरा आला. रेणू सणाची गिऱ्हाईकी म्हणून दुकानात होती. जयवंताबाईंनी गिरणी झाडली, मोटार पुसली. मोटारीला, पट्ट्याला, वजनकाट्याला हळदकुंकू लावलं, फुलं वाहिली. पोटाला देणाऱ्या अवजारात टॅबलेटही आला. त्याला कसं सोडायचं? ओलं कुंकू बोटावर घेऊन त्यांनी त्याच्याही काचेच्या मधोमध ठसठशीत टिळा लावला. आणि नेमकं त्याच वेळी टॅबलेट मधोमध विचारत होता, अपडेट घेऊ का?

बोट बरोबर 'हो'वर पडलं होतं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. त्या नारळ फोडायला वळल्या. नैवेद्य वगैरे उरकून परत येऊन पाहतात तो टिळ्याखाली अक्षरं उमटलेली : अपडेट बसवलं आहे, रीस्टार्ट करा.

त्यांनी गोरक्षनाथला हाक मारली. तो आला आणि बघताक्षणी वायरीकडे धावला. "काढतो मी!"

"हात लावू नको! आधी रेणूला फोन लाव."

रेणूनं सगळं ऐकून घेतलं. दुकानातली गडबड फोनमधून ऐकू येत होती. "रीस्टार्ट दाबलं न्हाई ना? मंग घाबरू नका. टॅबलेटात दोन खोल्या असत्यात. आपण ह्या खोलीत, अन् नवा माल त्यानं शेजारच्या खोलीत भरून ठेवला. रीस्टार्ट झालं की तो तिकडं राहायला जाईल, अन् तिकडं आपली किल्ली चालत न्हाई. पण जायच्या आधी किल्ली तिकडं नेऊन ठेवली तर सगळं जिथल्या तिथं राहतं. फक्त तवर बंद पडू देऊ नका. पुन्हा चालू झाला की तो तिकडंच जाणार."

"अन् लाईट गेली तर?" गोरक्षनाथ म्हणाला.

"मंग पाच मिनटं. जल्दी करा."

बोलायचा अवकाश, गिरणीतला दिवा पिवळा पडला, पुन्हा उजळला.

"ह्या डीपीवरच्या लाईटीचं मला ठाऊक हाय," जयवंताबाई म्हणाल्या. "दोनदा डोळे मिचकावल्याबिगर जात न्हाई. चल, वाच तू."

पण वाचणार कसं? कुंकू ओघळून रीस्टार्टच्या बटणापर्यंत आलं होतं. गोरक्षनाथनं खिशातून रुमाल काढला.

"पुसशील तर तेच दाबशील!" त्या ओरडल्या. टॅबलेट भिंतीवरून अलगद उतरवून, वायर न हलवता, त्यांनी काट्याच्या फळीवर आडवा ठेवला. चिमूटभर कोरडं बेसन घेऊन कुंकवावर भुरभुरलं. बेसन ओल पिऊन गोळा झालं. त्यांनी तोंड जवळ नेऊन फुंकर मारली आणि काच स्वच्छ झाली.

"काय केलं?" रेणूनं विचारलं.

"तुझ्या टॅबलेटाची भजी," गोरक्षनाथ म्हणाला.

एवढ्यात राधेश्याम दारात उभा. हातात आपट्याची पानं. "काकू, सोनं घ्या!" मग फळीवर नजर गेली. "हे काय? रीस्टार्ट म्हणून राह्यलं ना? दाबून टाका की. माझा मोबाईल तर रोजच म्हणतो."

"तुझा तू दाब रे बाबा," जयवंताबाई वर न बघता म्हणाल्या. "बस त्या पोत्यावर."

दिव्यानं दुसऱ्यांदा डोळे मिचकावले.

रेणू सांगत गेली, गोरक्षनाथ इंग्रजी अक्षरं वाचत गेला, जयवंताबाईंचं बोट दाबत गेलं. किल्लीचं ॲप उघडलं. त्यात तीन ओळी आल्या. "पह्यली न्हाई," रेणू म्हणाली. "शेजारच्या खोलीत बसवा, असं जिथं लिहिलंय ती."

गोरक्षनाथ जरा थांबला. गिरणी विकली तर त्याच्या मागची कटकट मिटणार होती आणि घेणारा समोर पोत्यावर बसला होता. आईनं त्याच्याकडे पाहिलं.

"तिसरी, आई," तो म्हणाला. "बराबर तिसरी. दाब."

अक्षरं भराभरा वर सरकली आणि शेवटी थांबली. रेणू म्हणाली, "झालं! आता तुमच्या हातानं रीस्टार्ट दाबा." जयवंताबाईंनी दाबलं. टॅबलेट काळा झाला, उजळला, आणि लगेच दिवा गेला. गिरणीत अंधारून आलं. टॅबलेट थोडा वेळ तगला आणि बॅटरी संपून विझला.

"आता?" राधेश्याम म्हणाला.

"आता लाईट यायची वाट बघायची. च्या घेशील का?"

चहा पिऊन होईतो लाईट आली. कुणीही टॅबलेटला हात लावला नाही. तो आपला आपण उजळला आणि छपरावरून खणखणीत आवाज निघाला, "गिरणी चालू झाली वं बायांनो, डबे घेऊन या!"

सगळे हसले. पण पूजा झालेली मोटार त्या दिवशी चालवायची नसते, हे टॅबलेटला कोण सांगणार? पहिली आली शेजारची पुष्पाबाई, हरभऱ्याची डाळ घेऊन.

"अवं, आज दसऱ्याचं बी दळता का? मी म्हणलं, काकूंना येड लागलं का काय!"

"आज न्हाई गं. ठेवून जा, उद्या पह्यला नंबर तुझा."

तिच्या मागून आणखी बायका आल्या. त्यांत राधेश्यामच्या गल्लीतल्याही होत्या. कुणी डबा परत नेला नाही. काट्याशेजारी डबे भिंतीपर्यंत लागले. राधेश्याम ते बघत बसला, मोटारीचा विषय काढायचा राहूनच गेला, आणि सोनं देऊन तो घरी गेला.

दिवाळीत जयवंताबाईंची गिरणी लाईट असेल तेवढा वेळ चालली आणि गोरक्षनाथनं नवा पट्टा आणला. दोन वर्षांनी गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यावर जयवंताबाईंनी दळण पुष्पाबाईकडे सोपवलं, पण काट्यावर अजून त्याच बसतात. गोरक्षनाथ शेती बघतो आणि आईबरोबर गिरणीच्या दगडांना धार यावी म्हणून टाकीही लावतो. राधेश्यामनं आपली गिरणी मिरची-मसाल्याची केली. आता गावातल्या बायका गहू इकडे आणि मसाला तिकडे देतात, दोघांचंही बरं चाललं आहे. आकांक्षा शिकायला जालन्याला गेली. रेणूचं दुकान वाढलं, दोन मुली तिच्या हाताखाली काम शिकतात. टॅबलेटनं त्यानंतर आणखी दोन अपडेट घेतले, दोन्ही वेळा रेणूनं आधी किल्ली नेऊन ठेवली. आता दसऱ्याला त्याला कुंकू लागतं ते पाठीवर.