आफरीनला गाडी लागते

आफरीनला गाडी लागते, ही बातमी अख्ख्या खानदानात पसरवली होती ती खुद्द आफरीननेच. कारण घरचा नियमच होता, ज्याला गाडी लागते त्याला खिडकी. त्यामुळे दर ईदला रत्नागिरीहून दापोलीला चाचीकडे जाताना बाकीची मंडळी मधे मुरंब्यासारखी मुरायची आणि ही बाई वारा खात बसायची.

यंदा मात्र अब्बांनी नवी गाडी घेतली होती. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं. चाचीकडे पंगत बसली तसं त्यांनी फर्मान काढलं, "गाडी लागणाऱ्यांना नुसता दहीभात! परतीला माझ्या सीटवर काही नको."

दहीभाताचे मानकरी दोनच. आफरीन आणि शेजारी बसलेली, गाडीतल्या दुसऱ्या खिडकीवाली अब्बांची बहीण, ताजबी फुफी. त्यांच्या नाकासमोरून मटण गेलं, वडे गेले. मग तळलेली सुरमई आली आणि तीही पुढे सरकली, तेव्हा आफरीनचा धीर सुटला.

"मला गाडी लागत नाही!" ती ओरडली. "कधीच लागली नव्हती. सहा वर्षं फेकत होते!"

अम्मीने कपाळावर हात मारला. "निर्लज्ज कार्टी! परतीला मधेच बसायचं आता."

"बसते. आधी सुरमई."

ताटात दोन तुकडे पडले, तशी फुफीने तिच्या मांडीला चिमटा काढला.

"कबूल कशाला करायचं गो?" ती पुटपुटली. "एक तुकडा माझ्या भाताखाली सरकव."

"आणि खिडकी?"

"ती माझीच," फुफी म्हणाली आणि अब्बांना ऐकू जाईल अशी कण्हली.