बिकर म्हणजे चकमक

तंजावरच्या शाळेच्या कारकुनानं अर्ज काचेखालून परत सरकवला, आणि विनुताला आईचं बोलणं आठवलं. "मराठीत बोललीस म्हणजे कुणाला कळलं नाही, असं धरून चालू नकोस," आई फोनवर म्हणाली होती. "इथं कोण आहे ऐकायला? खालच्या टीचर, त्या तर तमिळ," म्हणून विनुतानं ते उडवून लावलं होतं.

"टीसी मिळणार नाही, अम्मा," कारकून तमिळमध्ये म्हणाला. "मुलीच्या अप्पांनी पत्र दिलंय. त्यांच्या सहीशिवाय नाही."

शाळा सोडल्याच्या त्या दाखल्याशिवाय कोइम्बतूरची शाळा हरिणीला घेणार नव्हती, आणि तिथल्या कॉलेजात विनुताला आठ दिवसांत नोकरीवर हजर व्हायचं होतं. नवऱ्याला, प्रणवेशला, तिनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सांबारातल्या मिठावरूनही त्यांची जुंपायची; आवाज चढले की पाच वर्षांची हरिणी कानांवर उशी दाबून बसायची. आधी पोरीला इथून हलवायचं, मग नवऱ्याशी बोलायचं, असं तिनं ठरवलं होतं. हे फक्त आईला ठाऊक होतं.

तिनं पत्र बघायला मागितलं. इंग्रजीत होतं. खाली सही प्रणवेशची, पण वळणदार ओळी त्याच्या नव्हत्या. 'आम्ही नुसतं बिकर करतो. माझी पत्नी चकमकीला युद्ध समजते.'

पंधरवड्यापूर्वी असंच एक भांडण झाल्यावर खालच्या चंद्रमती टीचरनी तिच्या हातात कॉफीचा पेला ठेवला होता. त्या इंग्रजीच्या निवृत्त शिक्षिका. गल्लीतले सगळे अर्ज त्याच लिहून द्यायच्या, संध्याकाळी हरिणीचा अभ्यासही घ्यायच्या. "याला बिकर म्हणतात," त्या तमिळमध्ये म्हणाल्या होत्या. "क्षुल्लक कुरबूर. सातशे वर्षांपूर्वी त्याचा अर्थ होता चकमक. चार बाण इकडून, चार तिकडून. शब्द आला कुठून, नक्की कुणालाच ठाऊक नाही. कुणी म्हणतात, भोसकण्याच्या एका जुन्या डच शब्दावरून. ते सोड. चकमक म्हणजे काही युद्ध नव्हे, विनुता."

तेव्हा तिला किती बरं वाटलं होतं!

घरी येताच ती वर न जाता टीचरच्या दारात उभी राहिली. टीचर हरिणीच्या पेन्सिलींना टोक काढत होत्या.

"पत्र तुम्ही लिहिलंत?"

टीचरनी मान खाली घातली. "त्यानं मागितलं."

"पण त्याला कळलं कसं? मी आईशी बोलले ते इथं, या ओसरीवर. तेही मराठीत."

पेन्सिलीचं टोक मोडलं. टीचरनी ते तळहातावर घेतलं.

"मींच सांगितलें त्याला," त्या म्हणाल्या. मराठीत. विनुताच्या मराठीपेक्षा जुनी, स्वच्छ मराठी. "जाऊं नको, पोरी."

विनुतानं दाराची चौकट धरली. तीन वर्षं ही बाई त्यांच्या मधोमध बसून होती. नवऱ्याला दिलेले टोमणे, सासूच्या कागाळ्या, बाथरूममध्ये रडून झाल्यावर आईला केलेले फोन, सगळं हिच्यासमोर.

"एकदाही मराठीत बोलला नाहीत? माझ्याशी?"

"तमिळ माणसाशीं लग्न केलें, तेव्हां घरच्यांनीं दार लावून घेतलें. चाळीस वर्षें झालीं. पुढें हे गेले. मग ही खोली रिकामी असल्याचें कळलें, वर मराठी कुटुंब आहे म्हणून…" टीचरनी मोडलेलं टोक हरिणीच्या वहीवर ठेवलं. "बोललें असतें तर माझ्यापुढें बोलायचें बंद केलें असतेंत. भांडण असो, कांहीं असो, कानांवर पडत होतें."

"आणि त्यासाठी माझ्या पोरीला अडकवलंत?"

विनुतानं हरिणीची वही उचलली आणि जिना चढली. पुन्हा त्या दारात ती गेली नाही. कोइम्बतूरची ती नोकरी हातची गेली. प्रणवेशची सही मिळायला पाच महिने लागले; त्या पाच महिन्यांत ती आईशी गच्चीवर जाऊन, कुजबुजत बोलायची.

आता दुसरी नोकरी मिळून मायलेकी कोइम्बतूरला असतात. तंजावरच्या त्या घरात वरच्या मजल्यावर कुणी बँकवाले आलेत, तेलुगू बोलणारे. टीचरचं नाव निघालं की विनुताचा चेहरा अजूनही दगडासारखा होतो. तरी तंजावरकडे निघालेलं कुणी भेटलं की ती निघता निघता अडवते, आणि हे वाचणाऱ्यांनाही तिचं तेवढंच सांगणं आहे: "आमच्या जुन्या घरात खालच्या मजल्यावर एक म्हाताऱ्या बाई राहतात. बऱ्या आहेत का, जरा बघून या. माझं नाव घेऊ नका. फक्त, बोलाल ते मराठीत बोला."