माजघरातला कोपरा

लाकडी जमीन घालायचं अनिशने ठरवलं, पण हो मी म्हटलं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर सगळं मुलाच्या माथी मारून मी मोकळी व्हायची.

घरून काम करायची परवानगी मिळाली तसा तो चार वर्षांच्या अवनीला घेऊन मुंबईहून रत्नागिरीला आला. सून आर्याची बदली अजून व्हायची होती. आमचं घर शहराबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी. पावसाळ्यात फरशीला ओल सुटते आणि अवनी खोकून खोकून बेजार होते. पुढचा पावसाळा असा काढायचा नाही, असं अनिशने बजावलं. नाहीतर पोरीला घेऊन परत जाईन, हे त्याने बोलून दाखवलं नाही. तीस वर्षं शाळेत काढलीत मी, न बोललेलं मला आधी ऐकू येतं.

मग आठवडाभर जेवणाच्या टेबलावर फळ्यांचे नमुने. दुकानदार हर्षद प्रत्येक तुकड्यावर पेलाभर पाणी ओतून दाखवी. कोकणातला पाऊस पेल्याने पडत नाही, असं मी त्याला सुनावलं. तो हसला, अनिश हसला नाही. शेवटी मधाच्या रंगाच्या फळ्या ठरल्या आणि त्यांच्याखाली प्लॅस्टिकचा जाड कागद.

अडलं ते माजघरातल्या कोपऱ्यात. तिथे हातभर जागा फरशीविना, नुसत्या मातीची ठेवलेली. दर जुलैत तीन-चार दिवस पाऊस लागून राहिला की तिथून पाणी वर येतं आणि पन्हळीतून परसात जातं. आमच्याकडे त्याला उपळ फुटणं म्हणतात. माझ्या सासूबाई सकाळी उठल्या की आधी तो कोपरा बघायच्या, मग चूल. मी लग्न होऊन आले त्या वर्षी त्यांनी मला तिथे बसवून सांगितलं होतं, "पाणी तांबडं झालं तर डोंगर हलला म्हणायचा. पोरं उचलायची नि निघायचं. आणि पाणी आलंच नाही, तर चपलापण शोधायच्या नाहीत गो."

छत्तीस वर्षं पाणी आलं आणि नितळ आलं. सासूबाई गेल्या, मीही बघायचं म्हणून बघत राहिले.

हरिश्चंद्र सुताराने तो कोपरा बघितला आणि हातातली फळी खाली ठेवली. त्याच्याही घरी असाच कोपरा होता, एवढा उघडा सोडू या म्हणाला. अनिशचं म्हणणं, सगळी ओल इथूनच येते, हाच बुजवायला हवा. दोघं माझ्या तोंडाकडे बघत राहिले. अवनी नव्या फळ्यांवर पालथी पडून चित्र रंगवत होती. "घाला," मी म्हटलं. हरिश्चंद्रने फक्त शेवटची फळी चिकटवली नाही, नुसती बसवून ठेवली.

जुलैत पाऊस लागला. अवनीचा खोकला खरोखरच गेला. चौथ्या दिवशी दुपारी अनिश फळ्यांवरून हात फिरवत म्हणाला, "बघ आई, एक थेंब नाही."

मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटेना. पन्हळीचं परसातलं तोंड मी सकाळपासून तीनदा बघून आले होते, त्यातून काही वाहत नव्हतं. पाणी फळ्यांखाली कोंडलं असेल, अशी मनाची समजूत घालत होते. तो कामाला बसल्यावर मी उलथन्याने ती सुटी फळी उचलली, कागद कापला आणि हात आत घातला.

माती सुकी होती. बोटांना चक्क धूळ लागली. बाहेर चार दिवस आभाळ फाटलेलं, आणि दरवर्षी इथे येणारं पाणी आमच्या डोक्यावर डोंगराच्या पोटात कुठेतरी अडून बसलेलं. इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती.

अनिश उठून आला, त्यानेही हात घालून पाहिला आणि खूश झाला. मी अवनीला झोपेतून उचललं, त्याला म्हटलं, आहेस तसा चल. तो आधी हसला, मग माझा चेहरा बघून आलोच म्हणाला. सासूबाईंचं ते बोलणं मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. वेडगळ म्हणेल म्हणून.

अंगणात घोट्याएवढा चिखल होता. फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडे पोचल्यावर मी वळून पाहिलं. अनिश माझी छत्री काखेत धरून दारात वाकला होता आणि आमच्या चपला शोधत होता.