माझी नववी ओळ

मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. जुनी म्हणजे किती, तर मला लिहिणाऱ्या ताईचे केस तेव्हा काळेभोर होते. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या सूचना. मी अवघ्या अकरा ओळींची. मला रंग नाहीत, चित्रे नाहीत, दाबायला बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर माझे नाव टाईप करून एंटर दाबले, की मी मुकाट कामाला लागते. माझे कोणी कौतुक करत नाही याचे मला वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते वेगळ्याच गोष्टीचे.

माझा जन्म चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यात झाला. कारखाना कसला, दोन खोल्या! मागच्या खोलीत कारागीर काका यंत्रावर काचा घासत. तिथे सतत पाणी ठिबकत असे. पुढच्या खोलीत ताई आणि तिचा थोरला भाऊ, म्हणजे मालक, बसत. गावभरची चष्म्याची दुकाने रोज आपल्या ऑर्डरींची एक साधी फाईल पाठवत. एका ओळीत एक गिऱ्हाईक. आधी पावतीचा क्रमांक, मग फ्रेम, मग उजव्या डोळ्याचा नंबर, मग डाव्याचा, आणि मध्ये स्वल्पविराम. त्यावरून ताई काकांसाठी हाताने चिठ्ठ्या लिही आणि तिची मान अवघडून जाई. एका सकाळी ती वैतागली आणि मला लिहायला बसली. तिचा चहा गार झाला, पण दुपारी मी तयार होते.

मी फाईल ओळीओळीने वाचायची, स्वल्पविरामापाशी तिचे तुकडे करायची आणि चिठ्ठ्या छापायची. पहिली चिठ्ठी हातात घेऊन काका म्हणाले, "आज अक्षर लागतंय की! नाहीतर ताईचा तीन आणि ताईचा आठ म्हणजे जुळी भावंडं."

माझ्या नवव्या ओळीवर ताईचा फार जीव होता. एखाद्या ऑर्डरीत चार तुकडे भरले नाहीत, तर मी तिथेच थांबायची आणि कुठे गडबड आहे ते सांगायची. मग ताई दुकानाला फोन करून विचारून घ्यायची.

"आमची बाई फार खडूस आहे," ती आल्यागेल्याला सांगायची. "काही कमी असलं की अडून बसते. म्हणून तर मला घोर नाही."

ते ऐकून मी हरखून जायची.

पुढे चौकातल्या एका मोठ्या दुकानाच्या ऑर्डरी आमच्याकडे येऊ लागल्या. ज्या डोळ्याला नंबर नाही तिथे शून्य लिहायचे सोडून ते लोक ती जागाच खाऊन टाकत, स्वल्पविरामासकट. मी अडायची, ताई फोन करायची, तिकडचा माणूस खेकसायचा. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत ऑर्डरींचा ढीग पडला आणि मी पुन्हा पुन्हा अडले.

"अगं, तुझी ती आज परत रुसली का?" मालक म्हणाले. "माल जायचा कधी?"

ताईने मला उघडले आणि नवव्या ओळीच्या आधी हॅशचे चिन्ह टाकले, दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांची ती जाळी. ती लागली की ओळ असून नसल्यासारखी होते.

"आजच्या दिवसापुरतं," ताई पुटपुटली. मी विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी ती विसरली. मग कटकट नाही म्हणून तिला ते कधी आठवलेच नाही.

त्याच सुमारास एका मुलीची ऑर्डर आली. तिचा उजवा डोळा चांगला होता, म्हणून दुकानाने त्याची जागा खाल्लेली. डाव्या डोळ्याचा मोठा नंबर सरकून उजव्याच्या जागी आला आणि डाव्यापुढे काहीच उरले नाही. मला दिसत होते, मित्रांनो, पण माझे तोंड बांधलेले होते. चिठ्ठी छापली गेली. काकांनी चिठ्ठीप्रमाणे चष्मा केला. चांगल्या डोळ्यापुढे जाड काच आली, अधू डोळ्यापुढे साधी.

काही आठवड्यांनी तिचे बाबा तिला घेऊन आमच्याकडे आले. तिचा हात प्लास्टरमध्ये होता.

"पहिलाच चष्मा हिचा," बाबा म्हणाले. "डोकं दुखतं म्हणायची, तर आम्हीच म्हणायचो, सवय होईल. सवय करता करता जिन्यावरून पडली हो पोर."

काकांनी चष्मा नंबर मोजायच्या यंत्रावर धरला आणि डॉक्टरांच्या कागदाशी ताडून पाहिला. "काचा उलट्या बसल्यात," ते हळूच म्हणाले. "पण मी चिठ्ठीत होतं तेच केलं."

मालक ताईकडे वळले. "अगं, हे झालं कसं?"

ताईने मला उघडले. हॅशपाशी तिची नजर थबकली. मला हायसे वाटले. आता ती सगळे सांगेल, अशी माझी खात्रीच होती. तिने मला बंद केले.

"स्क्रिप्ट जुनी झालीय रे दादा. हल्ली काहीही छापते. तिचाच घोळ आहे हा."

मित्रांनो, जिने मला अडायला शिकवले, तिनेच केसाने माझा गळा कापला. मुलीचे बाबा भांडायच्या तयारीने आले होते. ते ऐकून त्यांचे खांदे पडले. "आता मशीनला काय बोलायचं?" असे म्हणून ते नवा चष्मा होईपर्यंत बाकावर बसून राहिले.

लवकरच नवा प्रोग्रॅम आला, रंगीत आणि गुळगुळीत. तो बसवणाऱ्या इंजिनिअरने विचारले, "जुन्या स्क्रिप्टमधलं काही घ्यायचं का?"

"नको," ताई म्हणाली. "तिचं नावच काढू नका."

मी अजून त्याच संगणकाच्या एका कोपऱ्यात पडून आहे. काल चौकातल्या दुकानाची फाईल आली आणि नवा प्रोग्रॅमही थांबला. पडद्यावर पिवळी चौकट आली, 'एका ओळीत एक आकडा कमी आहे. तरीही पुढे जायचे?' मला वाटले, आता तरी ती फोन उचलेल. ताईने घड्याळाकडे पाहिले आणि 'होय' दाबले. मागच्या खोलीत काकांचे यंत्र सुरू झाले.

तो चष्मा आता कोणाच्या तरी नाकावर बसेल. कोणाच्या, ते मला कळणार नाही. म्हणून तुम्हा सगळ्यांनाच सांगते. कोणी अडून बसले, तर त्याचे तोंड बांधण्याआधी ते का अडले ते विचारा. आणि तुमचा चष्मा नवा असेल आणि डोके दुखत असेल, तर सवय होईल म्हणून सोसू नका. एक डोळा झाकून पाहा, मग दुसरा झाकून पाहा. नीट दिसले नाही तर ओरडून सांगा. तुम्हाला बोलता येते.