अमरेशचं कोपर

रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला शाळेच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सोलापूरचं ऊन, छताला तीन पंखे, त्यातला एकच फिरणारा, आणि खाली तीनशे माणसं घामाने निथळत हात जोडून उभी. व्यासपीठावर झेंडूच्या माळांत गुरफटलेला नऊ वर्षांचा अमरेश बसला होता आणि त्याच्या पाया पडायला रांग लागली होती. रांगेत पहिले कोण? तर मुख्याध्यापक जोतिराम सर!

अमरेशची आई श्रीदेवी बाजूच्या खुर्चीवरून हे बघत होती. जूनमध्ये याच सरांनी तिला समजावलं होतं, "ताई, मुलगा बोलत नाही, एका जागी बसत नाही. अशांसाठी वेगळ्या शाळा असतात की!" कायद्यापुढे इलाज चालेना म्हणून त्यांनी प्रवेश दिला आणि चौथीच्या वर्गात दाराशी, चपलांच्या शेजारी सतरंजी टाकून दिली. आमच्या लेकरांच्या बाकावर त्याला बसवू नका, असा अर्ज सतरा पालकांनी केला होता. त्यातले निम्मे तरी आज आपापल्या लेकरांची डोकी अमरेशच्या पायांवर टेकवायला घेऊन आले होते. शेजारी बाकावर चालत नाही, पण वर पाटावर चालतो. वा रे भक्ती!

ही किमया शब्दानंद गुरुजींची. जन्मात एक शब्द न बोललेला अमरेश त्यांच्यापुढे चक्क लिहू लागला होता. समोर बाराखडीचा मोठा तक्ता ठेवायचा, गुरुजी मायेने पोराचं कोपर धरणार, मग पोराचं बोट एकेका अक्षरावर जाणार. गुरुजी अक्षर मोठ्याने वाचत आणि त्यांचा एक शिष्य ते फळ्यावर लिहून घेई.

पहिल्याच दिवशी बोटाने लिहिलं होतं, "आई, तू माझी देवी आहेस."

श्रीदेवी त्या दिवशी ढसाढसा रडली. नऊ वर्षं ती एका हाकेसाठी तळमळत होती. ते वाक्य तिने फळ्यावरून वहीत उतरवून घेतलं आणि भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना ते मनातल्या मनात शंभरदा म्हटलं. फक्त एक गोष्ट खुपत होती. घरात सगळे कन्नड बोलत. मोठी लेक तिला 'अव्वा' म्हणे. मग हे 'आई' आलं कुठून?

तिने भीत भीत विचारलं, तर गुरुजी डोळे मिटून हसले. "माते, आत्म्याला भाषा नसते."

आठवड्यातून दोनदा शाळेत येणाऱ्या विशेष शिक्षिका सुकन्याबाई तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "भाषा नसते, पण ऱ्हस्व-दीर्घ मात्र एकही चुकत नाही आत्म्याचं!"

तेव्हा श्रीदेवीच बाईंवर उखडली होती. "तुमी दोन महिनं शिकवताय, एक अक्षर आलं न्हाय त्याला. गुरुजींनी एका दिवसात आई म्हणायला लावलं. तुमाला बघवत न्हाय व्हय?"

आणि आज गुरुजींनी माइक हातात घेतला. "भक्तहो, या बालयोग्याच्या मेंदूत ब्रह्मलहरी जाग्या झाल्या आहेत! विज्ञान जिथे थांबतं, तिथून आपलं कोपर सुरू होतं! काहीही विचारा. त्याला सर्व ठाऊक आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. मग त्यांनी कोपर धरलं. बोट सरसर फिरलं आणि फळ्यावर अक्षरं उमटली, "शाळा नको. मला आश्रमात ठेवा."

सभागृह गहिवरलं. जोतिराम सर तर इतके गहिवरले, की शाळा सोडल्याचा दाखला त्यांच्या खिशातून तयारच निघाला. "ताई, साक्षात त्याचीच इच्छा. आपण कोण अडवणार? यावर सही करा फक्त."

पोरगं आश्रमात जाणार. त्याला गरम भात चालत नाही, रात्री पाठीवर हात नसला तर झोप येत नाही, हे तिथं कोण बघणार? पण तोच म्हणतोय! आईनेच त्याचा शब्द मोडायचा? तिने पेन हातात घेतलं आणि एकदा डोळे भरून लेकाकडे पाहिलं.

अमरेश वर बघत होता. त्या एकमेव फिरणाऱ्या पंख्याकडे. गुरुजींनी परत कोपर उचललं होतं, बोट तक्त्यावर 'आ' कडून 'शी' कडे धावत होतं, आशीर्वाद लिहीत होतं, आणि पोराची नजर पंख्यावरून तसूभर हलली नव्हती. तक्त्याकडे टक लावून फक्त गुरुजी बघत होते.

तिने पेन खाली ठेवलं. "गुरुजी, सहीच्या आधी एक इचारू का त्याला?"

"अवश्य माते! काहीही विचारा!"

"मग दोन मिनिटं आत घेऊन जाते त्याला."

शेजारच्या खोलीत तिने पिशवीतला डबा काढला आणि शेंगापोळीचा तुकडा अमरेशच्या तोंडात घातला. त्याने तो चावून खाल्ला, तिचा हात धरला आणि सरळ डब्यावर नेऊन ठेवला. तिने अजून एक तुकडा दिला. त्याने पुन्हा तिचा हात डब्यावर नेला. तोंड पुसून ती त्याला बाहेर घेऊन आली.

"बाळा, आत काय खाल्लंस ते सांग."

गुरुजींची नजर क्षणभर भक्तांनी आणलेल्या पेढ्यांच्या ताटांवर फिरली. मग कोपर उचललं गेलं. बोट निघालं. पे. ढा.

"पेढा!" शिष्य ओरडला. टाळ्या पडल्या.

श्रीदेवीने डबा उघडून सगळ्यांना दाखवला. "शेंगापोळी हाय. पेढा त्यानं जन्मात खाल्लेला न्हाय, तोंडात घातला की थुंकतो."

टाळ्या अर्ध्यात थिजल्या. गुरुजी सावरले. "माते, आत्मा खाण्याच्या पलीकडे बघतो. त्याने त्यात प्रसाद पाहिला..."

"मग सोपं करू," सुकन्याबाई मागून पुढे आल्या. "लिहितो तो, तर डोळे त्याचे उघडे हवेत. तुमचे कशाला? तुम्ही डोळ्यांवर रुमाल बांधा, कोपर तसंच धरा. लिहू दे त्याला." त्या लोकांकडे वळल्या. "तुम्हीही घरी जाऊन पंख्याकडे बघत फोनवर एक नंबर लावून बघा. लागतो का? अक्षर न बघता त्यावर बोट ठेवता येत नाही. कोपर धरणारा जरासा दाब देतो, हात तिकडे जातो. बोट पोराचं, लिहिणारा दुसरा. गुरुजींनी खोलीत डोकावलं नव्हतं, म्हणून पोरालाही शेंगापोळी आठवली नाही!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. "बांधा की रुमाल!" मागून आवाज आला. गुरुजींना एकाएकी आठवलं, की आज करमाळ्यालाही कार्यक्रम आहे. ज्यांच्या हाताला सर्व ठाऊक होतं, त्यांना बाहेर पडायचं दार मात्र दोनदा शोधावं लागलं.

श्रीदेवी तिथेच जमिनीवर बसली. वहीतलं ते वाक्य तिच्या डोळ्यांपुढे आलं. "बाई, म्हणजे त्यानं मला कधीच काय म्हटलं न्हाय?"

सुकन्याबाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "खोटं नाही सांगणार. ते वाक्य त्याचं नव्हतं. पण आत काय झालं? पोळी कशी मागितली त्यानं?"

"माझा हात धरला. डब्यावर नेला."

"कुणी कोपर धरलं होतं त्याचं?"

"न्हाय..."

"मग ते त्याचं बोलणं, ताई. त्याच्या मनातलं, त्याच्या हातानं. तिथून पुढं चित्रं, मग जमेल तसे शब्द. वेळ लागेल. किती, ते मला माहीत नाही. पण त्यासाठी तो वर्गात हवा. चार पोरांशी भांडणात, खेळात हवा."

श्रीदेवीने डोळे पुसले, उठली आणि अमरेशच्या गळ्यातल्या माळा एकेक करून काढल्या. त्याला तिथे खाजत होतं. मान लाल झाली होती. इतक्या भक्तांपैकी एकालाही ते दिसलं नव्हतं.

जोतिराम सर दाखला परत खिशात सारत पुटपुटले, "ताई, लोकांची श्रद्धा होती हो. देवाचं लेकरू म्हणून..."

"देवाचं न्हाय सर, माझं हाय." आता तिचा आवाज माइकशिवायही शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "तुमी सगळी शिकलेली माणसं. हात कुणाचा हाय आणि बोलतंय कोण, येवढं तरी बघत जावा. न बोलणारं लेकरू दिसलं की आदी हाकलायचं, न्हायतर पाया पडायचं. मधलं कायच येत न्हाय का तुमाला? उद्या सोमवार. तो शाळेत येणार. पाया पडू नका त्याच्या. जरा सरकून बाकावर जागा द्या."